लॉक नसलेली टरेट घेऊ नका: एल्कच्या सीझननंतर स्कोप, रायफल आणि सॅकबद्दल

कंपनीकडून स्कोप परत आला. सोबत एका ओळीची चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही. पाठवायचा खर्च आपला, पार्सलचा विमा आपला, आणि 'लाइफटाइम वॉरंटी'चं उत्तर हे. चीड याची येते की चिठ्ठी खोटी नाही. काच स्वच्छ आहे, क्लिक बरोबर पडतात, धुकं धरत नाही. दोष आहे तो रचनेत: एलिव्हेशनची टरेट (गोळी वर-खाली नेणारी, स्कोपच्या माथ्यावरची फिरवायची चकती) उघडी, तिला ना टोपी, ना लॉक, ना झिरो स्टॉप, म्हणजे शून्याच्या खाली फिरू न देणारी अडकण.

रेंजवर अशी टरेट झकास वाटते. हातमोजे घालून फिरवता यावी म्हणून ती मुद्दाम हलकी ठेवलेली असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या मागे डोंगर चढताना मात्र रायफल बहुतेक वेळ सॅकच्या बाजूला बांधलेली असते, दस्ता खालच्या खिशात आणि नळी वरच्या पट्ट्यात. स्कोप आतल्या बाजूला केला तर टरेटच्या खाचा सॅकच्या जाड कापडावर पावलागणिक घासतात. बाहेर केला तर गॅम्बेल ओकच्या झुडपांत अडकतात. दोन्हीकडून ती थोडी थोडी सरकते, आणि पाठीवर असल्यामुळे दिसत नाही.

हिशेब साधा आहे. एमओए हे कोनाचं माप, 100 यार्डांवर जेमतेम इंचभर; पाव एमओएचा एक क्लिक. 9 क्लिक सरकले तर सव्वादोन एमओए, म्हणजे 300 यार्डांवर सुमारे 7 इंच. छातीच्या मध्यावर धरलेली गोळी एवढी सरकली की मर्मस्थान चुकू शकतं आणि जनावर नुसतं जखमी होतं. जखमी जनावर शोधण्याचा रास्त प्रयत्न करणं कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते दिवसदिवस खातं. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण फेरा. 15 एमओएच्या टरेटने एक गिरकी घेतली की शून्य पुन्हा शून्यावरच दिसतं, आणि गोळी 300 यार्डांवर जवळजवळ 4 फूट वर. झिरो स्टॉप असता तर निदान खालच्या बाजूची गिरकी तरी अडली असती.

गोळ्या भलतीकडे जायला लागल्या की सगळे आधी रिंगांना, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांना, दोष देतात. निदान करायची रीत अशी: पांढऱ्या पेंट पेनने टरेट आणि तिच्या बुडावरून एक सलग रेघ ओढा, तशीच रिंगांच्या स्क्रूंवरही. दिवसभर चालून आल्यावर बघा. टरेटवरची रेघ तुटली तर ती फिरली. ती जागेवर आहे आणि तरी गट (गोळ्यांचा पुंजका) सरकलाय, तर रिंगा किंवा त्यांच्याखालचा बेस. रिंगांचे वरचे स्क्रू बहुतेक उत्पादक 15 ते 18 इंच-पौंड सांगतात. टॉर्क रेंच घ्या. 'हाताच्या अंदाजाने' आवळून स्कोपची नळी चेपलेली माणसं कमी नाहीत. थ्रेडलॉकर (स्क्रू जागेवर धरणारा गोंद) लावायचा तर बेसच्या स्क्रूंना. रिंगांच्या टोप्यांना लावला की नेमलेल्या टॉर्कला स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

दुसरी चाचणी उंच कागदाची. ओळंबा लावून कागदावर उभी रेघ काढा. अंतर 100 यार्ड आहे हे रेंजच्या पाटीवरून नव्हे, रेंजफाइंडरने मोजा. खालच्या खुणेवर तीन गोळ्या, मग 20 एमओए वर चढवून त्याच खुणेवर नेम धरून आणखी तीन. दोन गटांत 20.94 इंच अंतर हवं. नेमकं 20 इंच आलं तर टरेट एमओएची नसून इंचांची आहे, 15 म्हटलं तरी सुमारे 14.3 एमओएच देणार. गट रेघेच्या डावी-उजवीकडे सरकला तर स्कोप तिरका बसलाय.

तात्पुरत्या इलाजांत इलेक्ट्रिकल टेप सगळे सुचवतात. थंडीत तिचा गोंद कडक होतो आणि सकाळी टेप खिशात सापडते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा इंचभर रुंद तुकडा कापून टरेट आणि तिच्या बुडावर मिळून चढवा. गोंद नाही, खर्च नाही, आणि एका ओढीत निघतो. पंक्चरच्या दुकानात फुकट मिळणारी वस्तू एवढ्या महागड्या स्कोपला सांभाळते, हेच या खरेदीचं परीक्षण.

सुरुवातीला मत असं होतं की डायल करता, म्हणजे अंतराप्रमाणे टरेट फिरवता, येत नसेल तर पैसे वाया. आता उलट वाटतं. उदाहरणार्थ, 6.5 क्रीडमूर काडतुसाची 143 ग्रेनची ईएलडी-एक्स गोळी 200 यार्डांवर झिरो केली (नेमाच्या जागीच लागेल अशी जुळवली) तर 300 ला सुमारे 8 इंच आणि 400 ला 22-23 इंच खाली येते. एवढं रेटिकलवर, म्हणजे स्कोपमधल्या खुणांवर, धरून भागतं. फक्त रेटिकल सेकंड फोकल प्लेनचं (झूम बदलला तरी दिसण्यात तेवढंच राहणारं) असेल तर खालच्या खुणा ठरलेल्या मॅग्निफिकेशनलाच, बहुधा सर्वांत वरच्या, खऱ्या ठरतात. टोपीवाली टरेट असलेला साधा 3-9x40 (3 ते 9 पट, 40 मिमी भिंग) चालेल. डायल हवंच असेल तर उचलून फिरवायची लॉकवाली टरेट घ्या.

रायफलीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टिक्का टी3एक्स लाइट, .308 काडतुसाची, साधारण साडेसहा पौंड. बोल्ट लोण्यासारखा चालतो, पातळ नळी तीन गोळ्यांत तापते आणि चौथी कुठे जाईल याचा भरवसा नाही. शिकारीत चौथीची वेळ सहसा येत नाही, पण झिरो करताना नळी थंड होऊ द्या. 165 ग्रेनची गोळी 400 यार्डांवर साधारण 2000 फूट प्रति सेकंद वेग राखते, त्यापुढे .308 ने एल्कवर मारू नये. जादा मॅगझिनची किंमत ऐकून डोकं फिरतं: प्लास्टिकचा तुकडा, तीन गोळ्या मावणार. कायद्याने एल्कसाठी किमान .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची पसरणारी गोळी लागते, त्यामुळे मॅग्नमसाठी (जास्त दारूच्या काडतुसाच्या रायफलीसाठी) खिसा रिकामा करायची सक्ती नाही.

एच-1बीवर असणाऱ्या मराठी मंडळींसाठी: नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून आधी परवाना, मग दुकान. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची अट नाही.

स्कोपवर वाचवलेले पैसे दुर्बिणीत घाला, पण ट्रायपॉडसकट. 10x42 हातात धरली की थरथरीत लांबचं काही कळत नाही. ट्रायपॉडवर तीच दुर्बीण सावलीत बसलेल्या म्यूल डिअरचा कान दाखवते. घेण्याआधी पुढच्या बिजागरीच्या टोपीखाली ॲडॅप्टरसाठी आटे आहेत का, हे बघा.

सॅक आधी अवास्तव महाग वाटली होती. रिकामी साडेपाच पौंड, ट्रेकच्या सॅकपेक्षा जड. पण मोठ्या नराचं हाड काढलेलं मांसच 150 ते 225 पौंड भरतं, आणि ते तीन-चार फेऱ्यांत खाली आणायचं असतं. मांसाची पिशवी फ्रेम आणि मुख्य पिशवीच्या मधल्या कप्प्यात, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला बांधा. खाली घसरली की कंबर मागे ओढते. आधी कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर आवळा, मग खांद्याचे, शेवटी लोड लिफ्टर, म्हणजे खांद्यावरून फ्रेमच्या वरच्या टोकाला जाणारे पट्टे. फ्रेम खांद्याच्या वर चार बोटं आली नाही तर लिफ्टर शोभेचे. 26 इंची फ्रेम घ्या. एका तंगडीवर लिंगाची ओळख (नर की मादी दाखवणारा अवयव) नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, तेवढा भाग कापताना वेगळा करू नका. आणि कायद्याला लागणारं 500 चौरस इंचांचं झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी जॅकेट घातलं तरी ही सॅक मागची बाजू पूर्ण झाकते, म्हणून सॅकवर नारिंगी कापड वेगळं बांधा. बऱ्याच कंपन्या ते सोबत देत नाहीत.