उजवा हात, डावा डोळा : गंगापूर रस्त्यावरील एका पिस्तूल रेंजचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील ज्या खासगी रेंजवर माझी मुलगी 10 मीटर एअर पिस्तूलचा सराव करते, त्या रेंजची शिफारस मी मुख्यतः एका कारणासाठी करतो. तिथे नव्या मुलाच्या हाती पिस्तूल देण्यापूर्वी त्याचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याच्या प्रतिमेवर विसंबतो तो डोळा, कोणता हे तपासले जाते, आणि हात व डोळा एकाच बाजूचे नसतील तर त्यावर शांतपणे उपाय शोधला जातो. ज्यांची मुले उजव्या हाताने लिहितात आणि डाव्या डोळ्याने नेम धरतात, त्या पालकांना या एका गोष्टीचे मोल कळेल.

नाशिकला नेमबाजी नवी नाही. क्रीडामानसशास्त्रज्ञ दिवंगत भीष्मराज बाम यांनी या शहरात राहून नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेतली, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलच्या थ्री पोझिशन (तीन वेगवेगळ्या पवित्र्यांत नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे याचीही सुरुवातीची जडणघडण नाशिकमध्येच झाली. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या परिचयातील अनेक घरांतून पिस्तूलविषयी विचारणा होऊ लागली आहे. अशा वेळी रेंज निवडताना लेन किती आहेत आणि टार्गेट इलेक्ट्रॉनिक आहे का, एवढेच विचारले जाते. माझ्या मते पहिला प्रश्न डोळ्याचा असायला हवा.

येथील तपासणी साधी आहे, पण काळजीपूर्वक केली जाते. मुलाने दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये लहानशी त्रिकोणी फट करायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोर उभ्या असलेल्या प्रशिक्षकांच्या नाकाकडे पाहायचे. समोरून प्रशिक्षकांना फटीत जो डोळा दिसतो तो प्रबळ डोळा. मूल कोणत्या डोळ्याने पाहत आहे, हे त्याला स्वतःला सांगावे लागत नाही, त्यामुळे सवयीने किंवा भिडेने दिलेले उत्तर टळते. आमच्या मुलीची तपासणी सरांनी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा केली आणि प्रत्येक वेळी डावा डोळाच दिसला. त्यानंतर त्यांनी आम्हाला नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन दोन्ही डोळ्यांचा नंबर तपासून आणायला सांगितले. प्रबळ डोळा आणि अधिक स्पष्ट दिसणारा डोळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उजवा डोळा केवळ अशक्त असल्यामुळे मागे पडत असेल तर त्याचा उपचार रेंजवर होत नाही. हा आग्रह मला फार मोलाचा वाटला.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे अंतर पाहिले की लक्षात येते. 10 मीटरच्या पिस्तूल टार्गेटवरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ 11.5 मिमी व्यासाचे असते, आणि पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमध्ये (नेम जुळवण्याच्या खुणांमध्ये) साधारण 320 मिमी अंतर असते. फ्रंट साइट मागच्या खाचेत 1 मिमी जरी बाजूला सरकली, तरी छर्रा टार्गेटवर सुमारे 31 मिमी दूर लागतो, म्हणजे मधल्या दहाऐवजी साताच्या कडेला. पिस्तूल उजव्या डोळ्यासमोर धरलेले असताना मेंदूने मध्येच डाव्या डोळ्याची प्रतिमा उचलली, तर त्या डोळ्याला दोन्ही साइट एका रेषेत दिसत नाहीत. मूल ती रेष जुळवण्यासाठी मनगट हलवते आणि नेमका त्याच क्षणी ट्रिगर दबतो. अशा मुलाला हात थरथरतो म्हणून रागावणे हा अन्याय आहे. आम्ही आधी ज्या एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथे डावा डोळा मिटून घ्या, महिन्याभरात सवय होते, एवढेच सांगण्यात आले होते.

डोळा मिटण्याला येथील सरांचा स्पष्ट विरोध आहे आणि त्याची कारणे ते पालकांनाही समजावून सांगतात. स्पर्धेत 60 नेम 75 मिनिटांत मारायचे असतात. एवढा वेळ एक डोळा मिटून धरला तर चेहऱ्याचे स्नायू थकतात, आणि मिटलेल्या डोळ्यापुढे अंधार झाला की उघड्या डोळ्याची बाहुलीही विस्फारते, ज्यामुळे साइटची कड धूसर होते. त्याऐवजी ते चष्म्याच्या फ्रेमवर ब्लाइंडर, म्हणजे एका डोळ्यापुढे येणारा पांढरट, अर्धपारदर्शक तुकडा, लावतात. त्यातून उजेड आत येतो, आकृती मात्र दिसत नाही. नियमानुसार हा ब्लाइंडर 30 मिमीपेक्षा रुंद नसावा, त्यामुळे घरी कापून तयार केलेला तुकडाही ते पट्टीने मोजून घेतात. पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवल्यानंतर अनेक मुले त्याचे अनुकरण करू लागली. सरांचे मत असे की, ज्यांचा हात व डोळा एकाच बाजूचे आहेत त्यांनी ते जरूर करून पाहावे, परंतु हात आणि डोळा भिन्न असलेल्या नवशिक्याने आधी एका प्रतिमेवर स्थिर व्हावे.

आमच्या मुलीच्या बाबतीत डाव्या डोळ्याचा जोर इतका स्पष्ट होता की ब्लाइंडर उजव्या डोळ्यावर लावून, पिस्तूल उजव्याच हातात ठेवून, डाव्या डोळ्याने नेम धरण्याचा निर्णय झाला. रायफलमध्ये हे फार अवघड जाते, कारण दस्ता गालाला टेकलेला असतो आणि डोळ्याची जागा ठरलेली असते. पिस्तूल लांब केलेल्या हाताच्या टोकाशी असते, म्हणून ते काही सेंटिमीटर आत आणणे शक्य होते. तरीही केवळ मनगट वळवून ते आणले तर कोपरापासून मनगटापर्यंतची रेष मोडते आणि प्रत्येक ट्रिगरबरोबर नळी बाजूला जाते. सरांनी बदल पायांपासून सुरू केला. उजवा खांदा पूर्ण टार्गेटकडे वळवून उभे राहिल्यास डाव्या डोळ्याच्या आड नाक येते, म्हणून त्यांनी तिची छाती टार्गेटच्या दिशेने थोडी उघडी केली, मान सरळ ठेवली आणि मग खांद्यातून हात आत घेतला. पुढचे काही आठवडे छर्रा न भरता पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरचा सराव चालला. घरी तिने याविषयी कुरकुर केली, परंतु टार्गेटवरचा नेमांचा गट आवळत गेला तसा तिचा चेहराही बदलला. डाव्या हाताने शिकण्याचा पर्यायही सरांनी मांडला होता. लहान वयात तो योग्य ठरू शकतो, मात्र एक किलोच्या आसपासचे पिस्तूल एका हातावर स्थिर धरायचे असल्याने मुलाची इच्छा आणि खांद्याची ताकद पाहूनच तो घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

उणिवाही सांगायला हव्यात. टार्गेट कागदी असून दोरीवर मागे-पुढे ओढावे लागते, आणि कोपऱ्यातील लेनवर प्रकाश एकसारखा पडत नाही. ज्या मुलांना साइटची कड स्पष्ट दिसण्यासाठी आधीच धडपडावे लागते, त्यांना त्या लेनवर उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे. शनिवार-रविवारी गर्दीमुळे सरांचे लक्ष विभागले जाते. नेमबाजीच्या चष्म्याची फ्रेम रेंजवर मिळत नाही, ती स्वतः मागवावी लागते.

सर्वांत मोठी अडचण म्हणजे डाव्या हाताच्या लाकडी ग्रिपचे पिस्तूल सध्या एकच आहे आणि त्यासाठी मुलांना थांबावे लागते. दुसरे पिस्तूल घेण्याचा विचार असल्याचे सरांनी सांगितले आहे. ते येईपर्यंत डावखुऱ्या मुलांच्या पालकांनी प्रवेश घेतानाच आठवड्याच्या मधल्या दिवसांतील सकाळची वेळ मागून घ्यावी.