‘पायताण’ कोण शोधतं? कीवर्ड प्लॅनर आणि सर्च कन्सोल आठ महिने वापरल्यावर

गिऱ्हाईक गूगलवर कोणते शब्द (कीवर्ड) टाकून शोधतं ते कळावं म्हणून कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एका दुकानाच्या वेबसाइटसाठी आठ महिने तीनच साधनं वापरली: गूगलचा कीवर्ड प्लॅनर, सर्च कन्सोल आणि ट्रेंड्स. तिन्ही फुकट. चाळीस-पन्नास पानांच्या साइटला पैसे भरून घ्यायचं साधन लागत नाही, असं आता ठाम मत झालंय.

आधी प्लॅनर. तो गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात असतो. नवं खातं उघडायला गेलं की ते थेट जाहिरात बनवायलाच बसवतं. जाहिरात न करता खातं उघडायचा पर्याय बारीक अक्षरात असतो, तो शोधावा. पुढे टूल्स, प्लॅनिंग, कीवर्ड प्लॅनर. दुकानात येणारं गिऱ्हाईक हवं असेल तर ठिकाण कोल्हापूर ठेवा. कुरिअरने माल पाठवायचा असेल तर महाराष्ट्र आणि भारत वेगवेगळे बघा. भाषेत ‘मराठी’ निवडायची चूक हमखास होते. गूगल भाषा ठरवताना फोनची सेटिंगही बघतं आणि आपल्याकडे अस्सल मराठी माणसाचा फोनही बऱ्याचदा इंग्रजीतच असतो. ‘सर्व भाषा’ ठेवा.

खरी अडचण आकड्यांची. जाहिरात चालू नसेल तर नेमका आकडा मिळत नाही, ‘१०० ते १ हजार’, ‘१ हजार ते १० हजार’ असे पट्टे दिसतात. महिन्याला १,१०० शोध असोत की ९,०००, पट्टा एकच. शिवाय एकवचन-अनेकवचन आणि जवळची स्पेलिंगं एकत्र धरून प्रत्येकापुढे तोच आकडा येतो. त्यांची बेरीज केली तर एकच गिऱ्हाईक तीनदा मोजलं जातं. सगळ्यात फसवा रकाना ‘कॉम्पिटिशन’चा. ती जाहिरातदारांची चढाओढ आहे, फुकटच्या निकालांत वर येणं किती अवघड आहे ते त्यातून कळत नाही. ‘लो’ बघून हुरळून जाऊ नका. तो शब्द ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत टाका आणि पहिल्या पानावर कोण बसलंय ते बघा. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मिंत्रा दिसले तर नुसत्या ‘कोल्हापुरी चप्पल’मागे धावण्यात अर्थ नाही. ‘कापशी’ (कोल्हापुरीचा एक प्रकार), ‘करकर वाजणारी’, ‘नवरदेवासाठी’, ‘११ नंबर’ असं काहीतरी जोडून लांब शब्दप्रयोग धरावा. त्याच्यापुढे प्लॅनर बहुतेक वेळा नुसती रेघ दाखवेल. तरी घ्या. शोध कमी असले की तो आकडाच देत नाही. पण इतकं नेमकं लिहिणारा माणूस घ्यायला आलेला असतो, बघायला नाही.

असे शब्द प्लॅनर स्वतःहून सुचवत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पडून असतात: पावसात चालेल का, अंगठ्याला चावते का, तेल कुठलं लावायचं, तळ शिवलेला की चिकटवलेला. हे जसेच्या तसे वहीत उतरवून मग प्लॅनरमध्ये घालायचे; एका वेळी १० बसतात. उलटी गंमतही लक्षात ठेवा. कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनीत, कानावर पडणारं ‘पायताण’ पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक सहसा टाइप करत नाही. वर्णनात ते जरूर असू द्या, पानाच्या शीर्षकात नको. आणि कीवर्ड मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दयादीत) शब्द कोंबण्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. निकालांतला क्रम ठरवायला (रँकिंगसाठी) तो टॅग वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

आता सर्च कन्सोल. खरं काम इथे होतं, कारण गूगलच्या निकालांत आपलीच पानं ज्या शब्दांवर दिसली ते शब्द इथे असतात. परफॉर्मन्समध्ये शेवटचे तीन महिने घ्या, ‘सरासरी स्थान’ चालू करा, फिल्टर लावून ८ च्या पुढचे शब्द तेवढे ठेवा आणि इम्प्रेशनप्रमाणे (पान निकालांत किती वेळा दिसलं त्याप्रमाणे) उतरत्या क्रमाने लावा. ८ ते २० मधले शब्द म्हणजे दारापर्यंत आलेलं गिऱ्हाईक. त्या शब्दावर टिचकी मारून ‘पेजेस’ उघडा. दोन पानं आलटून-पालटून दिसत असतील तर ती एकमेकांचे पाय ओढतायत. विषय एकच असेल तर मजकूर एका पानात आणा आणि दुसरं ३०१ ने (कायमच्या रीडायरेक्टने) तिकडे वळवा. रेजेक्स (शब्दांचा साचा देऊन गाळणाऱ्या) फिल्टरमध्ये ‘कशी|कसे|किती|कुठे’ एवढं टाकलं की प्रश्नच प्रश्न वर येतात. प्रश्नोत्तरांच्या पानाचा कच्चा माल तयार.

सरासरी स्थानावर मात्र फार भरवसा नको. पान नव्या शब्दांवर खालच्या जागी दिसू लागलं की सरासरी घसरते, प्रत्यक्षात ती प्रगती असते. शब्दवार क्लिकांची बेरीज एकूण क्लिकांशी जुळत नाही म्हणूनही घाबरू नका. अगदी क्वचित येणारे शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात.

ट्रेंड्सचं काम थोडकं. तिथले ० ते १०० हे सापेक्ष आकडे आहेत, शोधांची संख्या नाही. पण प्लॅनरची १२ महिन्यांची सरासरी जे झाकते ते इथे दिसतं. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गदारोळ उडाला. अशा वेळी शोधणारा बातमी वाचायला येतो, माप द्यायला नाही. आलेखातला तो उंचवटा वजा करूनच हंगाम ठरवा.

शीर्षक बदलताना एका वेळी एकाच पानाचं बदला, तारीख वहीत लिहा आणि निदान चार आठवडे हात लावू नका. कन्सोल १६ महिन्यांपुरताच इतिहास ठेवतो आणि तक्त्यात १,००० च ओळी दाखवतो, तेव्हा दर महिनाअखेरीस शीट उतरवून घ्या. नाहीतर पुढच्या लग्नसराईत दोन वर्षांपूर्वीची लग्नसराई ताडून बघायला काही हाती उरणार नाही.