समुद्रगवत की खारफुटी: कोल्हापुरातून सागरी परिस्थितिकीच्या संशोधनाकडे जाताना

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या आणि पुढे समुद्रावरच संशोधन करायचे असे मनाशी घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा आढावा आहे. कोल्हापूरला समुद्र नाही, पण गगनबावड्याहून घाट उतरला किंवा आंबा घाटाने रत्नागिरी गाठली की काही तासांत खाडीच्या काठावर उभे राहता येते. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा येतात. समुद्रगवताची वाट तमिळनाडू, अंदमान किंवा लक्षद्वीपकडे नेते आणि ती धरायची तर घर सोडावे लागते. खारफुटीची वाट कोल्हापुरात राहूनही बरीच चालता येते. दोन्ही वाटा सागरी परिस्थितिकीच्याच असल्या तरी रोजचे काम, पुढे मिळणारी पदे आणि घरापासूनचे अंतर यांत त्या इतक्या भिन्न आहेत की त्यांचा विचार एम.एस्सी.च्या प्रवेशाआधी झालेला बरा.

अभ्यासाचा विषय म्हणून

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळे, जमिनीखालून सरपटणारे खोड, पाने, फुले आणि बिया असलेली ही खरी सपुष्प वनस्पती आहे, आणि ती पूर्ण आयुष्य खाऱ्या पाण्यात काढते. जगभरात तिच्या साठ ते सत्तर जाती मानल्या जातात आणि भारताच्या किनाऱ्यांवर त्यांपैकी सुमारे पंधरा आढळतात. त्यांची मोठी कुरणे पाल्कचा उपसागर, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपची सरोवरे (प्रवाळांनी वेढलेले उथळ समुद्री पाणी, म्हणजे लगून) येथे आहेत. कच्छच्या आखातात आणि चिलिकातही ती सापडतात. उपग्रहचित्रांच्या आधारे भारतातील एकूण क्षेत्र सुमारे ५१७ चौरस किलोमीटर धरले जाते.

या विषयाची ओढ का वाटावी, हे आकड्यांतून कळते. समुद्राच्या तळाचा ०.२ टक्क्यांहून कमी भाग व्यापणारी ही कुरणे समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे दहा टक्के कार्बन गाळात साठवतात, असा अंदाज आहे. दुसरीकडे, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार १८७९ पासून नोंदवलेल्या कुरणांपैकी २९ टक्के क्षेत्र नष्ट झाले असून १९८० नंतर दरवर्षी सुमारे ११० चौरस किलोमीटर क्षेत्र जात होते. भारतात ट्रॉलिंग, ओढजाळी, होड्यांचे नांगर आणि किनाऱ्यावरून येणारा गाळ व सांडपाणी ही नासाडीची कारणे आहेत. पाल्कच्या उपसागरात तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले, कारण डुगाँग हा समुद्री सस्तन प्राणी (समुद्रगाय) जगतो तो याच गवतावर. लक्षद्वीपच्या काही सरोवरांत मात्र प्रश्न उलटा आहे. तिथे हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांच्या चरण्याने कुरणेच खुरटली आणि मासे घटल्याची तक्रार करणारे मच्छीमार कासवांवर चिडले. संरक्षित प्राणी, संरक्षणयोग्य वनस्पती आणि माणसाचे पोट हे तिन्ही एकाच उथळ पाण्यात समोरासमोर आल्याचे असे उदाहरण परिस्थितिकीच्या विद्यार्थ्याला दुसरीकडे सहज मिळणार नाही.

खारफुटीचा विषय याच्या तुलनेत जुना आणि अधिक नांगरलेला आहे, आणि त्या नांगरणीत कोल्हापूरचा स्वतःचा वाटा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीचे प्रकाशसंश्लेषण आणि क्षारसहनशीलता यांवर १९७०च्या दशकात काम केले, डॉ. लीला भोसले यांनी पुढे महाराष्ट्राच्या खारफुटींचा अभ्यास आयुष्यभर चालवला. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या विद्यापीठाने ही परंपरा उभी केली याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि आजच्या विद्यार्थ्यांना ती फारशी ठाऊक नसते याची खंतही वाटते. मात्र परंपरा मोठी असली की नवा प्रश्न शोधणे अवघड होते. जातींची यादी, पानांतील क्षारांचे प्रमाण, मातीचे पृथक्करण असे प्रबंध भरपूर झाले आहेत, आणि त्याच धर्तीच्या आणखी एका प्रबंधाने पदवी मिळाली तरी संशोधक म्हणून ओळख होत नाही. समुद्रगवतात भारतापुरते बोलायचे तर अजून मूलभूत गोष्टी शिल्लक आहेत: कोणती जात कोणत्या ऋतूत फुलते, बीज गाळात किती काळ टिकते, लावलेले कुरण काही वर्षांनी उभे असते की नाही.

प्रत्यक्ष काम

समुद्रगवताला जगण्यासाठी पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सरासरी अकरा टक्के प्रकाश तळापर्यंत पोहोचावा लागतो. कोकणच्या नद्या पावसाळ्यात आणतात तो गाळ आणि उघड्या किनाऱ्यावरच्या लाटा यांमुळे महाराष्ट्रात मोठी कुरणे होत नाहीत. पाल्कचा उपसागर उथळ आणि तुलनेने शांत असल्याने तिथे ती होतात. म्हणून हा विषय निवडणे म्हणजे घरापासून हजारभर किलोमीटर दूरचे क्षेत्र निवडणे होय. पद्धत ऐकायला सोपी आहे. पन्नास मीटरच्या तीन समांतर रेषा आखायच्या, त्यांवर दर पाच मीटरला अर्धा मीटर बाजूची चौकट ठेवायची आणि आतील आच्छादन, जाती, पानांची उंची नोंदवायची. अशा तेहेतीस चौकटी झाल्या की एका ठिकाणाची एक फेरी पूर्ण होते. पण हे सारे कमरेइतक्या किंवा डोक्यावरच्या पाण्यात, मास्क लावून, भरतीच्या वेळेशी शर्यत करत करायचे असते. खोल कुरणांसाठी स्कूबाचे प्रमाणपत्र लागते. पंचगंगेत किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलामुलींना पाण्याची भीती नसते ही जमेची बाजू आहे, तरी प्रवाहात स्थिर राहून पाटीवर पेन्सिलीने नोंद करणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकायला एक हंगाम जातोच.

खारफुटीत पाण्याऐवजी चिखल असतो. गुडघाभर रुतणारा गाळ, पाय कापणारी कालवे (शिंपले), श्वसनमुळांच्या दाटीतून नेलेली टेप आणि ओहोटीचे मोजके तास असे ते काम आहे. पण शनिवारी पहाटे निघून आचरा, मालवण किंवा भाट्याच्या खाडीत नमुने घेऊन रविवारी रात्री ते विद्यापीठाच्या शीतपेटीत ठेवता येतात. एखादा नमुना बिघडला, यंत्र बंद पडले, परीक्षा आडवी आली, तर पुढच्या पंधरवड्याच्या ओहोटीला परत जाता येते. रामेश्वरमच्या बाजूला काम करणाऱ्याला ही सवलत नाही. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाने पाणी गढूळ होते आणि चुकलेला हंगाम पुढच्या वर्षावर जातो. कोकणात ही अडचण जून ते सप्टेंबरची असते.

मुलींच्या पालकांच्या मनात सुरक्षिततेचा प्रश्न पहिला असतो, आणि तो रास्त आहे. दोन्हीकडे मुली उत्तम काम करत आहेत, पण समुद्रगवताच्या क्षेत्रकार्यात होडीवर दिवसभर असताना कपडे बदलण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय नसते, भाड्याची खोली अनोळखी मच्छीमार गावात घ्यावी लागते आणि भाषा तमिळ असते. तमिळ कामापुरती येणे ही सोयीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे, कारण कुरणे कुठे होती आणि कुठली गेली हे सर्वांत नेमके मच्छीमारच सांगतात.

शिक्षण

खारफुटीसाठी शिवाजी विद्यापीठातूनच वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. करणे पुरेसे आहे. समुद्रगवतासाठी तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला ती वाट खरोखर हवी आहे त्याने एम.एस्सी.लाच बाहेर पडावे. अण्णामलै विद्यापीठाचे परंगिपेट्टै येथील सागरी जीवशास्त्राचे केंद्र वेल्लार नदीच्या मुखाशी आहे. पाँडिचेरी विद्यापीठाचा सागरी विभाग अंदमानात पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरममध्ये आहे. कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसॅट) आणि घराजवळचे गोवा विद्यापीठ हेही पर्याय आहेत. पीएच.डी.साठी गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जी १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने डुगाँगच्या निमित्ताने कुरणांवर काम केले आहे, तर लक्षद्वीपच्या कासवांचा प्रश्न म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी मांडला. पुनर्लागवड पाहायची असेल तर तुतिकोरिनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था आणि पाल्कच्या उपसागरातील ओमकार फाउंडेशन यांचे काम पाहावे. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत पाण्यात उतरण्याची सवय झाली नाही तर पीएच.डी.चे पहिले वर्ष त्यातच जाते.

पैसा आणि पदे

विद्यावृत्तीत दोन्ही वाटांमध्ये फरक नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन विद्यावृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या विद्यावृत्त्या आपापल्या प्रवर्गातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आधार देतात. फरक पडतो तो खर्चात. होडीचे भाडे, स्कूबाचे प्रशिक्षण आणि लांबचे प्रवास यांची तरतूद मार्गदर्शकाच्या प्रकल्पात नसेल, तर समुद्रगवताचा विद्यार्थी आपल्याच विद्यावृत्तीतून ते भरत राहतो.

पदांचा विचार कठोरपणे करायला हवा. केवळ समुद्रगवताचा तज्ज्ञ हवा अशी कायम पदाची जाहिरात तुम्हाला क्वचितच दिसेल. पद वनस्पतिशास्त्राचे, प्राणिशास्त्राचे, सागरी विज्ञानाचे किंवा पर्यावरणशास्त्राचे असते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, पण कायम पदे निघेपर्यंत अनेक पात्र उमेदवार वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत असतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणालाही विचारले तरी कळेल. त्यातही एक खाच आहे. एम.एस्सी. सागरी जीवशास्त्रात असेल, तर वनस्पतिशास्त्राच्या पदासाठी ती अनुषंगिक मानली जाईल की नाही, यावर मुलाखतीआधीच अर्ज अडू शकतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातच नोकरी हवी असणाऱ्याने म्हणून वनस्पतिशास्त्राची पदवी आणि खारफुटी हा विषय घ्यावा. राज्याच्या वनविभागाचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष २०१२ पासून आणि त्याला जोडलेले प्रतिष्ठान नंतर सुरू झाल्याने खारफुटीच्या अभ्यासकाला महाविद्यालयाबाहेरही प्रकल्पांवर काम मिळते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत खारफुटी आणि समुद्रगवताची कुरणे दोन्ही अतिसंवेदनशील गटात असली, तरी महाराष्ट्रात अहवालांची मागणी खारफुटीचीच येते, कारण इथे प्रत्यक्ष वाद तिच्या जमिनीवरून होतात.

परदेशी मात्र तोल उलटतो. ऑस्ट्रेलियात आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांत समुद्रगवत हा मोठा आणि जुना विषय आहे, आणि उष्णकटिबंधातील कुरणांत हाताने काम केलेल्या विद्यार्थ्याला तिथे पोस्ट-डॉक्टरेटची दारे उघडतात. खारफुटीवर काम करणाऱ्यांची संख्या सगळीकडेच मोठी असल्याने तिथली स्पर्धाही तशीच आहे.

मधली जागा

या दोन वाटा कोकणात एका ठिकाणी जवळ येतात, आणि त्या जागेकडे कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी अधिक लक्ष द्यावे असे मला फार वाटते. हॅलोफिला बेकॅरी ही समुद्रगवताची बोटाच्या पेराहून लहान पानांची जात खाडीतल्या चिखलात, बऱ्याचदा खारफुटीच्या पायथ्याशी उगवते. गढूळ, कमी-जास्त खारे पाणी ती सोसते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ती असुरक्षित गटात आहे. गोव्याच्या मांडवी खाडीतील तिच्या वाढीवर जगताप आणि उंटवाले यांनी १९८१ मध्ये लिहिले. या जातीसाठी स्कूबा लागत नाही, होडी लागतेच असे नाही. ओहोटीला चालत जाऊन चौकट टाकता येते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाल्यावर तिचे काय होते, ती खोडातून परत येते की बियांतून, खारफुटीची लागवड वाढवताना तिचा मोकळा चिखल व्यापला जातो का, हे प्रश्न कोल्हापुरात राहून एम.एस्सी.च्या प्रबंधापुरते नक्कीच हाताळता येतील. यातून विद्यार्थ्याला आपली आवड पाण्यातली आहे की झाडांच्या शरीरक्रियेतली, हेही कळेल.

निवड कोणतीही असो, मार्गदर्शक ठरवण्याआधी त्याच्याकडे आधी पीएच.डी. केलेल्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोलावे. त्यांना किती वर्षे लागली, प्रकल्पाचा निधी मध्येच संपला का, होडीचे पैसे कोणी भरले, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे आले, हे विचारावे. मन्नारच्या आखातातील राष्ट्रीय उद्यानात काम करायचे असेल तर वनविभागाच्या परवानगीचा अर्ज कोणाच्या नावाने आणि केव्हा गेला आहे तेही पाहावे, कारण परवानगी येईपर्यंत गवताचे एक पानही तोडता येत नाही आणि विद्यावृत्तीची वर्षे तोपर्यंत मोजली जातच असतात. ज्या मार्गदर्शकाकडे या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळतात त्याच्याकडे, विषय आपल्या दुसऱ्या पसंतीचा असला तरी, जावे.