फिट्सची वही: २०१७ची भाषा की २०२५ची?

बहिणीच्या अपस्माराच्या (एपिलेप्सीच्या) फिट्सची वही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. जुन्या पानांवर 'सिंपल पार्शल' (शुद्ध शाबूत), 'कॉम्प्लेक्स पार्शल' (शुद्ध बिघडलेली). ती १९८१ची भाषा. 'सिंपल' वाचून नातेवाईक निर्धास्त व्हायचे, एवढं सांगून तिला रजा देतो. निवड उरते ती इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्माराच्या जागतिक संघटनेच्या २०१७ आणि २०२५च्या वर्गीकरणांत.

रोग्याला फक्त जनरलाइज्ड टॉनिक-क्लॉनिक फिट (अंग ताठ होऊन झटके येणारी) येत असेल तर फार डोकं लावू नका, नाव दोन्हींत तेच आहे. फरक पडतो तो फोकल, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिट्समध्ये.

२०१७ने त्यांची विभागणी जाणिवेवर केली, म्हणजे फिटमधलं नंतर आठवतं का यावर: 'अवेअर' (जाणीव शाबूत) की 'इम्पेअर्ड अवेअरनेस' (जाणीव बिघडलेली). सुटसुटीत आहे, नाही असं नाही. पण माझं अडलं ते इथेच. फिट चालू असताना मी तिच्यासमोर तीन बोटं धरतो आणि किती ते विचारतो. ती बघते, बोलत नाही. हात वर कर म्हटलं तरी हात मांडीवरच. (हे दुसरं विचारायचंच. नुसती वाचा अडली म्हणजे शुद्ध हरपली असं नाही.) सावरल्यावर म्हणते, "तीन होती ना रे? ऐकत होते, पण काय करायचं ते सुचेना." म्हणजे २०१७प्रमाणे ही 'अवेअर'! वही वाचणाऱ्याला वाटणार, चला, भानावर होती. त्या वेळी ती पेटत्या गॅससमोर असती तर?

२०२५मध्ये जाणिवेच्या जागी 'कॉन्शसनेस' (शुद्ध) आलं. जाणीव आणि प्रतिसाद दोन्ही बघायचे, एक जरी बिघडलं तरी 'इम्पेअर्ड'. गंमत म्हणजे १९८१मध्येही प्रतिसाद धरला जायचा; मध्ये गळला, आता परत आला.

बाकी फिट्सचे प्रकार ६३वरून २१वर आले, ते डॉक्टरांच्या सोयीचं. मला उपयोगी पडलं ते लक्षणं क्रमाने लिहिणं. २०१७मध्ये सुरुवातीच्या ठळक लक्षणावरून नाव पडायचं, त्यामुळे बहिणीच्या पोटातून वर चढणाऱ्या लाटेनंतरचं टक लावून बघणं आणि ओठ चाटणं नावात येतच नसे.

जुने रिपोर्ट २०१७च्या भाषेत असतील तर तीच चालू ठेवण्यातही चूक नाही, गोळ्या काही या नावबदलावरून ठरत नाहीत. मी मात्र नव्या वहीत तीन रकाने आखलेत: आठवलं का, प्रतिसाद दिला का, कशानंतर काय झालं. २०१७चं नाव समासात, पेन्सिलीने.