मतं दुभंगलेला सिनेमा: बघायचा की सोडायचा, कोणाचं ऐकून ठरवाल?

सिनेमा लागून दोन दिवस होत नाहीत तोच एक मित्र म्हणतो ‘चुकवू नकोस’ आणि दुसरा म्हणतो ‘अजिबात जाऊ नकोस’. दोघांनाही सिनेमातलं कळतं, हे तुम्हाला माहीत असतं. मग आपण फोन काढून रेटिंग बघतो आणि गोंधळ आणखी वाढतो, कारण रेटिंगही एकमेकांशी जुळत नाहीत. 2017 सालच्या ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’चंच घ्या. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांची पसंती नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि त्याच पानावर प्रेक्षकांची जेमतेम चाळीस-बेचाळीस. पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून सिनेमास्कोर या संस्थेने दिलेली श्रेणी मात्र ‘ए’ (‘ए’ म्हणजे उत्तम, ‘एफ’ म्हणजे नापास).

हे तिन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे प्रश्न विचारले गेले, म्हणून उत्तरं वेगळी आली. तेव्हा कुठला आकडा खरा यात न अडकता आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय ते आधी ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

समीक्षकांचे दोन आकडे

रॉटन टोमॅटोजचा टक्का एकच गोष्ट सांगतो: शंभरातल्या किती समीक्षकांचा कौल सिनेमाच्या बाजूने आहे. प्रत्येक परीक्षण अनुकूल किंवा प्रतिकूल अशा दोनपैकी एका गटात जातं. अनुकूल परीक्षणं 60 टक्के किंवा त्याहून जास्त असली की सिनेमा ‘फ्रेश’ ठरतो. किती आवडला, हे त्या टक्क्यात कुठेच नसतं. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ मात्र परीक्षणांना गुण देऊन शंभरपैकी सरासरी काढतं आणि काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देतं.

फरक कुठे पडतो बघा. समजा, एका सिनेमाला दहाच्या दहा समीक्षकांनी दहापैकी सहा गुण दिले आणि आपला कौल अनुकूल नोंदवला. रॉटन टोमॅटोजवर तो 100 टक्के. दुसऱ्या सिनेमाला पाच जणांनी नऊ गुण दिले आणि पाच जणांनी दोन. तो 50 टक्के, म्हणजे सरळ नापास. वजनाचा भाग सोडला तर मेटाक्रिटिकच्या पद्धतीने पहिल्याला 60 मिळतात आणि दुसऱ्याला 55, म्हणजे दोघं जवळजवळ शेजारी. पण मला विचाराल तर हे दोन सिनेमे अजिबात सारखे नाहीत. पहिला कोणालाच फार भिडलेला नाही. दुसऱ्याने अर्ध्या लोकांना झपाटून टाकलंय.

चार जणांना घेऊन जायचंय, कोणाचीच संध्याकाळ वाया जायला नको, तर रॉटन टोमॅटोजचा टक्का बरा. एकटे जाणार असाल आणि काहीतरी जबरदस्त हवं असेल, तर मेटाक्रिटिकवर अनुकूल, संमिश्र आणि प्रतिकूल परीक्षणांची संख्या वेगवेगळी दाखवलेली असते, ती बघा. दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये शुकशुकाट असेल, तर असा सिनेमा मी सहसा सोडत नाही.

थिएटरच्या दारातला कौल

लास व्हेगासच्या सिनेमास्कोरची सुरुवात 1970च्या दशकाच्या अखेरीस झाली. पद्धत अजूनही साधीच आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या निवडक थिएटरांत प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी प्रेक्षकांच्या हातात एक छोटं कार्ड दिलं जातं. त्यावर सिनेमाला श्रेणी द्यायची, आपला वयोगट सांगायचा आणि काय बघून आलात तेही सांगायचं, कलाकार की विषय की आणखी काही. लिहायचीसुद्धा गरज नसते, कार्डाच्या कडेचे तुकडे दुमडले की झालं.

पहिल्याच दिवशी येणारा माणूस मुळात उत्सुक असतो. त्यामुळे इथे ‘बी’ म्हणजे बरं, असं समजून चालत नाही. मोठ्या व्यावसायिक सिनेमाला ‘बी’ मिळाली तर ती नाराजीच धरतात. या श्रेणीतून कळतं ते एवढंच, की जाहिरातीने जे कबूल केलं होतं ते लोकांना मिळालं की नाही. 2018च्या ‘हेरेडिटरी’ या भयपटाला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि सिनेमास्कोरची श्रेणी आली ‘डी प्लस’. 2017च्या ‘मदर!’ला तर थेट ‘एफ’. ट्रेलर बघून नेहमीचा भयपट समजून आलेल्यांसमोर एक अस्वस्थ करणारी रूपककथा उलगडत गेली. ‘जोकर’च्या 2024मधल्या दुसऱ्या भागाला ‘डी’ मिळाली. पहिल्या भागासारखं काहीतरी बघायला आलेल्यांना कोर्टातला खटला आणि गाणी मिळाली. (त्या सिनेमावर समीक्षकही नाराजच होते, त्यामुळे सगळा दोष ट्रेलरवर टाकता येणार नाही.)

म्हणून ही श्रेणी वाचताना मी एक गोष्ट बघतो: त्या पहिल्या दिवसाच्या गर्दीची अपेक्षा आणि माझी अपेक्षा सारखी आहे का? तुम्ही ट्रेलर पाहिला नसेल, आधीचे भाग पाहिले नसतील, तर त्यांची निराशा तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. भयपटांना इथे एरवीही कमीच मिळतं. म्हणून 2025च्या ‘सिनर्स’ या भयपटाला मिळालेल्या ‘ए’ला वजन आहे.

खुलं मतदान

आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर एक ते दहा गुण, खातं असलेला कोणीही देऊ शकतो. सिनेमा खरंच पाहिलाय का, हे कोणी विचारत नाही. संघटितपणे एकेक गुण देऊन सिनेमा पाडण्याचे प्रकार होतात, आणि चाहते दहा-दहा देऊन वर काढतात तेही होतंच. आयएमडीबी म्हणूनच साधी सरासरी न दाखवता भारित सरासरी, म्हणजे मतांना कमी-जास्त वजन देऊन काढलेली, दाखवतं, पण तिचं सूत्र उघड करत नाही. रॉटन टोमॅटोजने 2019मध्ये प्रदर्शनाआधीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खात्री झालेल्यांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून तो आकडा जास्त विश्वासाचा झाला.

लेटरबॉक्स्ड या सिनेमाप्रेमींच्या संकेतस्थळावरची मंडळी वेगळी. पाहिलेला प्रत्येक सिनेमा नोंदवून ठेवणारे, अर्ध्या ताऱ्यासाठी विचार करणारे लोक तिथे भेटतात. संथ, छोट्या, विचित्र सिनेमांना तिथे माया मिळते. वर दिसणारी परीक्षणं मात्र बऱ्याचदा एका ओळीची शेरेबाजी असते, आणि मेहनतीने लिहिलेलं परीक्षण खाली दबलेलं बघून मला वाईट वाटतं. तिथली खरी सोय अशी, की तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनी काय दिलं हे वेगळं दिसतं. आवड जुळणारी पाच-सहा माणसं शोधलीत तर लाखभर मतांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. आयएमडीबी असो की लेटरबॉक्स्ड, सरासरीपेक्षा कोणत्या गुणाला किती मतं पडली याचा आलेख बघा.

शेवटी दोन परीक्षणं

वेळ कमी असेल तर सगळे आकडे सोडून एवढंच करा. स्पॉयलर नसलेलं, म्हणजे कथेतलं गुपित न फोडणारं, एक भरभरून कौतुक आणि एक कडक टीका शोधा, दोन्ही तपशिलात लिहिलेली. मग दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का ते तपासा. एक लिहितो, ‘पहिला अर्धा तास काही घडतच नाही, नुसते चेहरे’. दुसरा लिहितो, ‘दिग्दर्शक घाई करत नाही, चेहऱ्यांवर थांबतो’. म्हणजे पडद्यावर काय आहे यावर दोघांचं एकमत आहे. आता प्रश्न तुमच्या आवडीचा उरला, आणि तो तुम्ही चुटकीसरशी सोडवाल. पण एक जण छायाचित्रणावर खूश आणि दुसरा म्हणतो उत्तरार्धात कथेचे धागे सुटलेत, तर तिथे वाद नाहीच. दोन्ही खरं असू शकतं, आणि सुटलेले धागे तुम्हाला किती खुपतात ते तुम्हीच जाणता.

त्याच दोन परीक्षणांतून थिएटरात जायचं की घरी बघायचं, हेही ठरतं. टीका करणारासुद्धा दृश्यं आणि आवाज मान्य करत असेल, तर सिनेमा मोठ्या पडद्यावरून उतरण्याआधी तिकीट काढा. कौतुक करणारा फक्त संवाद आणि अभिनयाबद्दल बोलत असेल, तर सिनेमा घरी बघायला मिळेपर्यंत थांबायला हरकत नाही.