मायक्रोबिट की रास्पबेरी पाय? 40 मिनिटांच्या तासाला कोणता बोर्ड पुरतो

सहावी ते आठवीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना एक दिवस असा येतो की पडद्यावरचं मांजर हलवून त्यांचं मन भरत नाही. 'सर, खरा दिवा लावता येईल का?' असं कुणीतरी विचारतं, आणि शिक्षक बोर्डांच्या शोधाला लागतो. शोधता शोधता दोन नावं उरतात: मायक्रोबिट, म्हणजे दिवे आणि सेन्सर असलेली प्रोग्राम करण्याजोगी छोटी पाटी, आणि रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय'), म्हणजे एका पाटीवर मावणारा संगणक. मी दोन्ही वापरले आहेत. आधी तीन वर्षं पाय, त्यानंतर मायक्रोबिट. मागणीपत्र पुढ्यात घेऊन बसलेल्या शिक्षकासाठी हे लिहितोय. दोन्ही बोर्ड काय असतात हे त्याला माहीत आहे असं धरून चालतो.

दोघांचं कूळ तसं एकच. 1981 मध्ये एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी 'बीबीसी मायक्रो' हा संगणक काढला आणि तो ब्रिटनच्या शाळाशाळांत पोचला. पुढे याच एकॉर्नमध्ये आर्म प्रोसेसर जन्माला आला, आणि आज पाय आणि मायक्रोबिट दोन्ही आर्मवरच चालतात. पायच्या 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' या नावांतही त्या जुन्या संगणकाची आठवण आहे. पण दोघांमागचा विचार वेगळा होता. केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटतेय आणि त्यांनी आधी स्वतः फारसं काही करून पाहिलेलं नसतं, ही पाय बनवणाऱ्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चिंता होती. म्हणून 29 फेब्रुवारी 2012 ला पाय विक्रीला आला: एका मुलाने संध्याकाळभर घेऊन बसावं असा पूर्ण संगणक. मायक्रोबिट 2016 मध्ये ब्रिटनमधल्या 11-12 वर्षांच्या मुलांना वर्गच्या वर्ग मोफत वाटला गेला. एक घरच्या टेबलासाठी, दुसरा वर्गासाठी. हा फरक मी खरेदी करताना लक्षात घेतला नाही. तो पुढे तासागणिक जाणवत गेला.

पायबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. एवढ्याशा पाटीवर लिनक्स ही संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालते. ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं स्क्रॅच आहे, थॉनी या संपादकात पायथन ही भाषा लिहिता येते, कॅमेरा जोडता येतो, 40 पिनांवर दिवे आणि सेन्सर लावता येतात. फाइल कुठे असते, फोल्डर म्हणजे काय, आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम कसं करून घ्यायचं, हे फोनवर वाढलेल्या मुलांना पायवर जितकं नीट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसलेलं मला आठवत नाही. ज्या मुलाला यात गोडी लागते, त्याला पायचा तळ सहसा लागत नाही.

पण माझा निर्णय एका मेमरी कार्डाने केला.

पायची सगळी व्यवस्था एका मायक्रोएसडी कार्डावर असते. काम संपलं की मेनूतून 'शटडाउन' करायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहायची, मगच वायर काढायची. घंटा होते, पुढच्या तासाला खेळाचं मैदान असतं, आणि अकरा वर्षांचं मूल वायर उपटून पळतं. त्याचा दोष नाही. पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद झाला, हेच त्याला टीव्हीने शिकवलेलं असतं. आपण काही सेव्ह करत नसलो तरी लिनक्स कार्डावर सतत काहीतरी लिहीत असतं, नोंदी किंवा ब्राउझरचा साठा. शिवाय कार्डाच्या आतला नियंत्रकही माहिती इकडची तिकडे हलवत असतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर कधी काहीच होत नाही, आणि कधी दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींची रांग येऊन तिथेच थांबते.

मी कधी मोजदाद ठेवली नाही, पण एकही कार्ड गेलं नाही असे आठवडे थोडेच होते. कार्ड काढायचं, माझ्या लॅपटॉपमध्ये घालायचं, सगळ्या व्यवस्थेची तयार प्रत त्यावर पुन्हा लिहायची. कार्ड साधं असलं की यात अर्धा तास सहज जातो. दोन मुलं दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत बसतात, आणि त्यांचं मागच्या तासाचं काम त्या कार्डाबरोबर गेलेलं असतं. एका मुलीने तीन तास खपून चौकातल्या सिग्नलचा प्रोग्राम लिहिला होता. लाल, पिवळा, हिरवा, आणि बटण दाबलं की पादचाऱ्यांसाठी थांबा. तो गेला. ती काही बोलली नाही, पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसली, आणि त्या दिवशी माझं मन पायवरून उडालं.

उपाय करून पाहिले. कार्डाला हातच लागू नये म्हणून 'ओव्हरले' ही सोय आहे. ती चालू केली की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि वायर उपटली तरी कार्ड सुरक्षित राहतं. पण मग मुलांचं कामही रॅममध्येच राहतं आणि बंद केल्यावर पुसलं जातं. ते टिकवायला प्रत्येकाला पेनड्राइव्ह द्यावा लागला, आणि पेनड्राइव्ह हरवतात. पाय 400 या मॉडेलवर एफएन आणि एफ10 दाबून बंद करता येतं, पाय 5 ला तर बटणच आहे. पण बटण असलं तरी घंटा झाल्यावर हात आधी वायरकडेच जातो. ज्यांचा वर्ग माझ्या वर्गापेक्षा शिस्तीचा आहे, किंवा ज्यांच्याकडे तासाशेवटी फिरून बघायला मदतनीस आहे, त्यांना हा त्रास कदाचित इतका होणार नाही.

मायक्रोबिटला ही भानगडच नाही. त्यात बंद करायला ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. प्रोग्राम चिपवर बसलेला असतो. वीज दिली की चालू, काढली की बंद, पुन्हा दिली की पहिल्यापासून. पहिल्याच तासाला एका मुलाने बॅटरीची डबी लावली, काढली, लावली, काढली, असं दहा वेळा केलं. मी जीव मुठीत धरून बघत होतो. बोर्डावरचं दिव्यांचं हृदय दहाही वेळा उजळलं.

त्याचेही त्रास आहेत, आणि ते आधी माहीत असलेले बरे. सगळ्यात मोठा केबलचा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्ड उजळतो, पण संगणकावर त्याचा ड्राइव्ह दिसत नाही, आणि मुलं बोर्ड बिघडला म्हणून परत आणून देतात. चाचणी करून पास झालेल्या केबलींना मी लाल चिकटपट्टी लावली आहे. दुसरं, प्रोग्रामची हेक्स फाइल (बोर्डाला कळणाऱ्या रूपातली) ड्राइव्हवर टाकली की ती तिथून नाहीशी होते. ती बोर्डात गेलेली असते, पण पहिल्या तासाला निम्मा वर्ग 'माझी फाइल गेली' म्हणतो. क्रोममधून बोर्ड थेट जोडला तर हा प्रश्न सुटतो. तिसरं, जुने बोर्ड मिळत असतील तर आवृत्ती तपासा. स्पीकर आणि मायक्रोफोन 2020 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आले. पहिल्या आवृत्तीत रॅम फक्त 16 केबी, त्यामुळे त्यावर पायथनचा जरा लांबडा प्रोग्राम लिहिला की जागा अपुरी पडते.

आणि मर्यादा तर उघडच दिसतात. पडदा म्हणजे पाच गुणिले पाच, 25 दिवे. अक्षरं सरकवायची तर फक्त रोमन. एका मुलाला आपलं नाव देवनागरीतच हवं होतं. त्याने चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर काढलं. वरची ओळ शिरोरेषेत गेली, खाली चारच ओळी उरल्या, त्यांत 'न' आणि 'म' बसवले. 'न' ची गाठ एका दिव्यात कशी दाखवायची यावर त्याचा अख्खा तास गेला. पायवर हेच नाव त्याने क्षणात टाइप केलं असतं. पण चित्र म्हणजे चालू-बंद ठिपक्यांची जाळी असते, हे मला फळ्यावर कधी इतकं नीट समजावता आलं नव्हतं.

रेडिओचंही तसंच. बोर्ड एकमेकांना बिनतारी संदेश पाठवतात, आणि कोणाचं कोणी ऐकायचं ते 0 ते 255 मधल्या गट क्रमांकाने ठरतं. फळ्यावर मी उदाहरण म्हणून 1 लिहिला, सगळ्यांनी तोच उतरवला, आणि प्रत्येकाचा निरोप सगळ्यांच्या बोर्डावर झळकू लागला. मी काही सांगायच्या आत मुलंच म्हणाली, प्रत्येक जोडीला वेगळा नंबर हवा. पत्ता म्हणजे काय, हे त्यांना तिथेच कळलं.

एका परिस्थितीत मात्र मी पायच घ्या म्हणेन. मायक्रोबिटवर प्रोग्राम चढवायला दुसरा संगणक लागतो. शाळेत चालू संगणकच नसतील आणि जुने मॉनिटर पडून असतील, तर पाय 400 सारखा कीबोर्डातच बसवलेला संगणक जास्त उपयोगी. तेव्हा कार्डांच्या तयार प्रती डबीत ठेवा आणि मुलांचं काम दर तासाला दुसरीकडे उतरवून घ्या. वर्ग नववीच्या पुढचा असेल तरीही पारडं पायकडे झुकू शकतं. मोठी मुलं शटडाउनची वाट बघतात. पण कक्षात संगणक आहेत, वर्ग भरलेला आहे आणि तास 40 मिनिटांचा आहे, तर मी पुन्हा मायक्रोबिटच मागवीन.

माझे पाय मी टाकून दिलेले नाहीत. दोन मागच्या बाकावर आहेत, त्यांच्या वायरी भिंतीला क्लिपने पक्क्या केल्या आहेत. शाळा सुटल्यावर नववीतली चारपाच मुलं तिथे बसतात. सध्या ती मायक्रोबिटकडून यूएसबीवर तापमानाचे आकडे घेतात आणि पायवर पायथनने त्यांचा आलेख काढतात. तापमानाचं सेन्सर मायक्रोबिटच्या चिपमधलंच असल्याने आकडे खोलीपेक्षा थोडे जास्त येतात, आणि नेमके किती जास्त, हे शोधायला त्यांनी काल शेजारी थर्मामीटर आणून ठेवलाय.