नव्वद वर्षांच्या तुळया दिल्या आणि पांढऱ्या लाकडाचा पलंग घरी आला

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचे जुने दुमजली घर आहे. आजेसासऱ्यांनी ते १९३४ साली, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यात सागाच्या तुळयांवर कडीपाट, म्हणजे फळ्यांचे छत, घातलेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला मोठा पूर आला, त्या दिवसांतल्या पावसाने आमची गच्ची गळू लागली आणि गच्चीखालच्या चार तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजल्याचे उघडकीस आले. दिवाळीनंतर आम्ही दुरुस्तीला हात घातला, तुळया उतरवून तेथे लोखंडी गर्डर टाकले, आणि उतरवलेल्या लाकडाचे काय करायचे हा प्रश्न निघाला तेव्हा सासूबाईंनीच सुचवले की त्याचा एक पलंग करून घ्यावा. त्या तुळयांचे पुढे जे झाले ते मी सविस्तर लिहिते आहे, कारण जुनी घरे दुरुस्तीला काढणारी कुटुंबे आमच्या आसपास बरीच आहेत आणि त्यांच्या घरातले लाकूडही असेच बाहेर जाण्याचा संभव आहे.

पलंग तयार विकत घेणे आम्हाला शक्यच नव्हते. आमचा जिना जेमतेम सव्वादोन फूट रुंद असून मध्ये काटकोनात वळतो, त्यामुळे दुकानातला पलंग वर चढत नाही. सासूबाईंची खोली सव्वानऊ फूट रुंद आहे आणि तिच्यात भिंतीतले फडताळ आहे, ज्याची दारे उघडायला जागा सोडावी लागते. शिवाय त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्याने गादीसह उंची एकोणीस इंचांच्या वर नको होती, म्हणजे काठावर बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात. म्हणून साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद, सुटे भाग वर नेऊन नट-बोल्टने खोलीतच जोडायचा, असा पलंग ठरला.

तुळया उत्तम होत्या. यजमानांनी त्या उतरवल्या त्याच दिवशी मोजल्या होत्या: कुजलेली टोके कापून टाकल्यावर प्रत्येक तुळई अकरा फूट लांब, आठ इंच उंच आणि सहा इंच जाड भरली. हिशेब केला तर एका तुळईत तीन पूर्णांक दोन तृतीयांश घनफूट आणि चारींत मिळून साडेचौदा घनफुटांहून थोडे अधिक लाकूड होते. आमच्याकडे या लाकडाला पिढ्यान् पिढ्या वलसाडी साग म्हणतात. डांग आणि धरमपूरच्या जंगलांतून येणारा हा साग गुजरातभर नावाजलेला आहे. जुन्या सागाला त्या वेळी घनफुटामागे साडेतीन हजार रुपये भाव आम्हाला एका वखारीत सांगितला गेला होता. म्हणजे अंगणात पन्नास हजारांच्या वर किमतीचे लाकूड पडलेले होते आणि आम्ही त्याच्याकडे घरातली अडगळ म्हणून पाहत होतो. आमच्या नुकसानीची सुरुवात येथेच झाली. ज्या वस्तूची किंमत आपणच मोजलेली नाही, ती परक्याच्या हाती देताना पावती मागावी असे मनातही येत नाही.

ज्या मिस्त्रीला काम दिले तो आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून आला होता. बोलणे अदबीचे होते, वय पन्नाशीचे होते आणि कामाची माहितीही खरोखर होती. त्याने तुळईवर नखाने ओरखडा काढून वास घेतला आणि असे लाकूड आता मिळत नाही असे सांगितले. हे तो खरेच बोलत होता, आणि म्हणूनच आमचा त्याच्यावर विश्वास बसला. मजुरी, कटाई आणि पॉलिश मिळून बेचाळीस हजार ठरले, त्यांपैकी पंचवीस हजार आगाऊ आम्ही यूपीआयने दिले. पक्के बिल हवे असेल तर अठरा टक्के जीएसटी वर पडेल, असे तो म्हणाला, आणि सात हजार पाचशे साठ रुपये वाचतील म्हणून आम्ही ते सोडून दिले. पुढे तक्रारीचे कागद जमवताना त्या बिलाची उणीव आम्हाला पावलोपावली जाणवली.

यानंतर त्याने दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्हींवर आमचे लाकूड घराबाहेर गेले. पहिली अशी की जुन्या लाकडात खिळे असतात, पाते तुटते म्हणून गावातली आरागिरणी ते घेत नाही, त्यामुळे शहराबाहेरच्या ओळखीच्या लाटीवर न्यावे लागेल. (लाकडाच्या वखारीला बडोद्यात लाटी म्हणतात.) यात अर्धे सत्य आहे. खिळ्यांमुळे आरागिरणीवाले का-कू करतात, परंतु खिळे घरीच पहारीने आणि पकडीने काढता येतात, राहिलेले चुंबक फिरवून सापडतात, आणि चार तुळयांची कटाई ही दिवसाभरात होणारी गोष्ट असून घरातला एक माणूस तेथे उभा राहू शकतो. दुसरी गोष्ट अशी की कापलेले लाकूड वीस-पंचवीस दिवस सुकवावे लागेल आणि त्यावर औषध मारावे लागेल. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या बाबतीत हे अगदी योग्य आहे. पण नव्वद वर्षे छपराखाली राहिलेली तुळई आतून केव्हाच सुकलेली असते, आणि पावसाने भिजलेली टोके तर आम्ही आधीच कापून टाकली होती. सुकवण्याचा काळ त्याला लाकूड नजरेआड ठेवण्यासाठी हवा होता, असे आज मी खात्रीने म्हणते.

जानेवारीत छोटा टेम्पो आला. चार माणसे एक एक तुळई खांद्यावर घेऊन निघाली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. मिस्त्री म्हणाला, “बेन, तमे चिंता ना करो,” आणि आम्ही चिंता केली नाही. तुळया गेल्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये सुदैवाने होते, पण मापांच्या वहीच्या पानावर त्याची सही घेतलेली नव्हती आणि तुळयांवर आमची एकही खूण नव्हती. लाकडाच्या दोन्ही टोकांना तेलरंगाचा एक पट्टा मारला असता किंवा पटाशीने अक्षर कोरले असते, तर कापलेल्या फळ्यांच्या टोकांवर ते दिसले असते. हे काम पाच मिनिटांचे होते.

मार्चमध्ये पलंग आला तो पूर्ण पॉलिश होऊन. गडद तपकिरी रंग, अंगावर आरसा फिरावा तशी चकाकी, आणि हात फिरवला तर कुठेही खळगा नाही. आमच्या तुळयांना पोलादी कड्या अडकवलेल्या होत्या, पाळण्याच्या साखळीसाठी जाड खिळे ठोकलेले होते आणि कडीपाट बसवायला दर फूटभर अंतरावर खाचा होत्या. त्या लाकडातून घडलेल्या पलंगावर खिळ्याचे एकही छिद्र, एकही काळा डाग किंवा बुजवलेली एकही खाच नव्हती, आणि मी ती त्या कारागिराची कुशलता समजून त्याचे मनापासून कौतुक केले. उरलेले सतरा हजार त्याला रोख दिले. उरलेल्या लाकडाविषयी यजमानांनी विचारले, तेव्हा जुन्या लाकडात वाया फार जाते, भुशाशिवाय काही राहिले नाही, असे उत्तर मिळाले. खालचा प्लाय मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, असल्याचे त्याने सांगितले, त्यावर मात्र कसलाही शिक्का नव्हता. मरीन प्लायवर आयएस ७१० आणि साध्या प्लायवर आयएस ३०३ असा मानक क्रमांक छापलेला असतो, त्याच्यासोबत आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. हे मला पुढे कळले.

जुलैच्या शेवटी एके सकाळी केर काढताना पलंगाच्या डाव्या पायाशी पांढुरकी पूड दिसली. मैद्यासारखी बारीक होती, बोटांत चोळली तर कण लागत नव्हता. भिंतीचा चुना असेल म्हणून पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेवढीच छोटी रास होती. मी जमिनीवर आडवी होऊन मोबाइलच्या उजेडात पायाची आतली बाजू पाहिली तेव्हा पॉलिशवर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे मोजता येतील इतकी स्पष्ट दिसली. ती अकरा होती, आणि मी पाहत असताना एकातून चिमूटभर पूड खाली सांडली.

अशी पूड पाडणारी कीड लाकडातल्या पिष्टावर जगते, म्हणून ती सालीकडच्या पांढऱ्या, कच्च्या लाकडात शिरते. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही. त्यातले तेल आणि इतर द्रव्ये तिला मानवत नाहीत. ज्या तुळया नव्वद वर्षे कीड न लागता टिकल्या, त्यांच्या लाकडाला चार महिन्यांत कीड लागण्याचे कारण नव्हते. यजमानांच्या मित्राचा मुलगा फर्निचरच्या कामात आहे, त्याला बोलावले. त्याने पलंगाच्या लांब बाजूची पट्टी काढली, खालच्या न दिसणाऱ्या कडेवर रंधा मारला, आणि गडद पॉलिशखालून फिकट, जवळजवळ दुधी रंगाचे लाकूड निघाले, ज्यात सागाच्या वार्षिक वलयांच्या रेषा नव्हत्या आणि वासही नव्हता. मग त्याने माळ्यावर ठेवलेले तुळईचे कापलेले टोक मागवले. ते बाहेरून काळे, भुसभुशीत आणि टाकाऊ दिसत होते, पण चांगल्या बाजूवर रंध्याचे दोन हात मारताच आतून सोनेरी तपकिरी रंग उमटला, हाताला किंचित तेलकट लागले, आणि जुन्या चामड्यासारखा तो ओळखीचा वास खोलीभर पसरला. सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. त्या फक्त एवढेच म्हणाल्या की हा आपल्या माळ्याचा वास आहे.

त्याच दिवशी आम्ही बाजूची पट्टी भंगारवाल्याच्या काट्यावर तोलली. ती साडेसहा फूट लांब, आठ इंच रुंद आणि दीड इंच जाड, म्हणजे अर्ध्या घनफुटाहून थोडी अधिक. साग घनफुटाला साधारण अठरा किलो भरतो, त्या हिशेबाने तिचे वजन दहा किलोच्या आसपास असायला हवे होते. काट्याने सहा किलो आठशे ग्रॅम दाखवले. उशाकडची रुंद पाटी तर लाकूडच नव्हती. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्यावर, सागाचे विनियर (पातळ पापुद्रा) चिकटवून कडेला पट्ट्या लावलेल्या होत्या. संपूर्ण पलंगाचा आम्ही तुकड्यातुकड्याने हिशेब केला तेव्हा तो सगळा खरोखर सागाचा असता तरी त्यात सव्वाचार घनफुटांहून अधिक लाकूड बसत नव्हते. कापताना तितकेच वाया गेले असे धरले, तरी साडेचौदांतून सहा घनफूट लाकूड परत यायला हवे होते. आमचा एक तुकडाही आला नाही.

मिस्त्रीला फोन केला तेव्हा सुरुवातीला तो म्हणाला की पावसाळ्यात अशी पूड येतेच, रॉकेल लावा. रंधा मारल्याचे सांगितल्यावर त्याने लाटीवाल्याने लाकडाची अदलाबदल केली असेल असे म्हटले, आणि लाटीचे नाव-पत्ता विचारल्यावर फोन उचलणे थांबवले. मध्यस्थी करणाऱ्या कुटुंबाला यात दोष देता येत नाही. त्यांच्या घरी त्याने सरळ काम केले होते, कारण तेथे लाकूड त्यांनी स्वतः विकत आणले होते आणि काम त्यांच्या अंगणात झाले होते.

आम्ही ग्राहक आयोगाची वाट धरली, आणि तिची माहिती येथे देणे मला आवश्यक वाटते, कारण अशा बाबतीत कोर्टकचेरी नको म्हणून लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मजुरीने करून घेतलेले काम हीसुद्धा सेवा आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क पडत नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली, नंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि मग ई-जागृती पोर्टलवर कागद चढवले. बिल नसल्यामुळे आमचा सगळा भर यूपीआयच्या नोंदीवर, “तुमच्या तुळयांची कटाई झाली” या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर आणि टेम्पोच्या फोटोंवर आहे. त्या एका संदेशाने बिलाची उणीव बरीच भरून काढली, म्हणून मिस्त्रीशी ठरणारी प्रत्येक गोष्ट फोनवर बोलून न थांबता लेखी संदेशात उतरवावी असे मी आता सर्वांना सांगते. लाकडाची जात ओळखून देण्याची सोय देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आहे. पट्टीचा एक आणि तुळईच्या टोकाचा एक, असे दोन नमुने आम्ही बाजूला काढून ठेवले आहेत. आयोगालाही नमुना प्रयोगशाळेकडे पाठवता येतो.

आमच्या घरात अजून अकरा तुळया आहेत आणि त्यांतल्या दोन पुढच्या वर्षी उतरवाव्या लागतील. या वेळी खिळे चौकात काढायचे, आरागिरणीवर यजमानांनी स्वतः बसायचे, फळ्या त्याच दिवशी मोजून घरी आणायच्या, आणि पलंग चौकातच जोडून बिनपॉलिशचा आठवडाभर तसाच ठेवायचा असे ठरले आहे. कोरे लाकूड सगळ्या बाजूंनी पाहून झाल्याशिवाय त्यावर पॉलिशचा बोळा फिरू द्यायचा नाही, ही अट नव्या सुताराने स्वतःहून मान्य केली. त्याच्या मते ती प्रत्येकाने घालावी. खिळ्यांची छिद्रे बुजवली तरी दिसतील, असे त्याने सांगितले तेव्हा सासूबाईंनी ती तशीच दिसू द्यावीत असे कळवले.

नोटीस मिळाल्यानंतर मिस्त्रीने मध्यस्थामार्फत निरोप पाठवला की तक्रार मागे घेतली तर तो दुसरा पलंग फुकट करून देईल. आम्ही नकार दिला आहे. आम्हाला आमच्या चार तुळयांचे लाकूड हवे आहे, आणि ते कापून विकले गेले असेल तर त्याची पूर्ण किंमत हवी आहे.